ओ'ड्रेव्हिन आडनावाचा पत्ता लागला!

मंडळी, या मेलिंग लिस्टवर मी नुसती वाचते, पण आज राहवत नाही.

आमचे कॉव्हेंट्रीतले शेजारी मायकल ओ'ड्रेव्हिन सत्तरीचे, अनाथाश्रमात वाढलेले. "असलं आडनावच नसतं, आश्रमानेच चिकटवलं असेल," हे त्यांनी जन्मभर ऐकलं. मी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" आपली खोड!

मला वाटायचं, आपल्या 'कर'सारखं तेही गावावरून असेल. आज लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, "छे, आयरिश 'ओ' म्हणजे अमक्याचा नातू." म्हणजे गाव नाही, आजोबा शोधायचे! मग आयर्लंडची सगळी फोनबुकं उपसली. डब्लिनमध्ये एकही नाही, कॉर्कमध्येही नाही. आणि मेयो काउंटीच्या एका कोपऱ्यात चक्क पाच ओ'ड्रेव्हिन, सगळे आसपासच्या गावांत!

दुपारी मायकलनी आमच्याच घरून फोन लावला. मी रिसिव्हरला कान लावून उभी. त्यांनी नाव सांगताच पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कुठल्या घरातले तुम्ही?"

"तेच माहीत नाही हो," मायकल कसेबसे म्हणाले.

"मग इकडे या. बसून शोधू."

फोन ठेवल्यावर मायकल रडले आणि मी किचनमध्ये जाऊन नाचले!

आपली मुलं म्हणतात, गाव विचारणं रूड असतं. विचारायचं सोडू का, सांगा?