रुग्णाने सहकार्य केले नाही

प्रथम दिवस आणि जबाबदार व्यक्ती, कारण त्यांच्याशिवाय केलेली तक्रार म्हणजे नुसते गाऱ्हाणे. इंग्रजी तारखा माझ्या अर्जांत आहेतच; येथे मी पत्नीच्या कॅलेंडरावरचे दिवस देतो, कारण भोगले तिने आहे.

ललिता पंचमी. निद्राचिकित्सा केंद्राला पहिली भेट. जबाबदार: स्वागतकक्षातील बाई आणि एक किल्ली.

तुळशीच्या लग्नाचा दिवस. दुसरी भेट. जबाबदार: केंद्राचे संचालक, ज्यांनी झोपेची खोली कोठे असावी हे ठरवले.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. अहवाल हाती आला. जबाबदार: अज्ञात.

भोगी. पत्नीने बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली, सर्वांना वाढली आणि स्वतः भाताची पेज घेऊन पोट धरून बसली. जबाबदार: वरील सर्व, एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे.

हा प्रकार पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांपासून सुरू झाला. गणपतीनंतर तिच्या पोटात पहिली कळ आली. शल्यचिकित्सकांनी तपासून सांगितले की पित्ताशय काढावे लागेल, आणि आम्हाला भूलतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी पत्नीला विचारले, "आंटी, खर्राटे लेती हैं?"

"नहीं नहीं," पत्नी म्हणाली.

मी राज्याच्या विधी विभागात आयुष्य घालवले आहे. माझे वडील नागपूरची कार्यालये भोपाळला हलली तेव्हा फायलींबरोबर येथे आले, आणि खोटी साक्ष आमच्या घरात कोणी दिलेली नाही. मी म्हणालो, "लेती हैं. बीच में साँस रुकती भी है."

भूलतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवले. झोपेत श्वास थांबत असेल तर भूल देण्यात धोका असतो, तेव्हा आधी झोपेची तपासणी, अहवाल आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे योग्य होते. या संपूर्ण प्रकरणात योग्य बोललेली ती एकमेव व्यक्ती होय, म्हणून त्यांचे नाव वरील यादीत नाही.

परतताना नेहरू नगरच्या चढावर रिक्षा धापा टाकत असता पत्नी म्हणाली, "तुम्ही घोरता ते नाही सांगितलंत."

"मला विचारलं नव्हतं."

"मला विचारलं तेव्हाही तुम्हीच उत्तर दिलंत."

येथे पत्नीच्या स्वभावाची नोंद करणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद त्याच मुद्द्यावर आहे. तिने आजवर कोणाला नाही म्हटलेले मला आठवत नाही. चुकीचा फोन आला तर ती समोरच्याची विचारपूस करते. एका दंतवैद्याने भलत्याच बाजूची दाढ ठोकून पाहिली, तेव्हा "हीसुद्धा थोडी दुखतेच" असे म्हणून तिने त्याची लाज राखली. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात आई तिच्यावर ओरडायची आणि ही तिचे ओरडून झाले की पाणी द्यायची. आणि मुख्य म्हणजे, सरकारी निवासापासून या घरापर्यंत ती माझ्याबरोबर राहिली आहे. मी कसा आहे याविषयी कॉलनीत कोणालाही विचारावे.

केंद्राने आम्हाला सूचनापत्रक दिले. त्या दिवशी दुपारी झोपू नये. दुपारनंतर चहा घेऊ नये. केसांना तेल लावू नये. पत्नीने आदल्या दिवसापासूनच चहा सोडला आणि केस दोनदा धुतले. ललिता पंचमीच्या संध्याकाळी आम्ही पिशवी, पांघरूण आणि तिची उशी घेऊन केंद्रात पोहोचलो. खोलीला कुलूप होते.

स्वागतकक्षातील बाईंनी मोबाइलवरून नजर न काढता सांगितले, "चाबी गरबे में गई है."

मी विचारले, किल्ली स्वतःहून गेली की कोणाबरोबर. त्या म्हणाल्या, तंत्रज्ञ बाई गरब्याला गेल्या आहेत आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये आहे. आम्हाला वेळ कोणी दिली होती, असे मी विचारले. "सिस्टम ने," त्या म्हणाल्या. पत्नी मध्ये पडली. "जाने दीजिए, नवरात्र में सबका मन करता है." परत जाताना तिने त्या बाईंना प्रसादाची पुडी दिली. मी तेथल्या तेथे तक्रारपुस्तक मागितले. ते त्याच कुलूपबंद खोलीत होते.

यानंतर दिवाळी आली. पत्नीने चकल्या तळल्या, डब्यात भरल्या आणि त्यांच्याकडे पाहिले. तेवढ्यानेही तिला कळ येते की काय, अशी मला शंका होती.

दुसरी वेळ तुळशीच्या लग्नाच्या दिवशीची मिळाली. केंद्रात संध्याकाळी पाचला हजर राहावे असा आदेश होता, म्हणून आयुष्यात प्रथमच तिने तुळशीचे लग्न भर दुपारी लावले. मंगलाष्टके मी म्हटली. "हळू म्हणा," ती म्हणाली, "तिलाही झोपेतून उठवल्यासारखं झालंय."

केंद्राच्या माहितीपत्रकात 'शांत व निसर्गरम्य परिसर' असे छापलेले आहे. परिसरात निसर्ग आहे हे मी मान्य करतो. तो भिंतीपलीकडच्या मॅरेज गार्डनचा आहे. देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, झाली की भोपाळात लग्नांचा बांध फुटतो, आणि या शहरात राहणाऱ्या कोणत्याही माणसाला हे पंचांग न पाहता ठाऊक असते. झोपेची खोली नेमकी त्याच भिंतीला लागून आहे. संचालकांनी जागा पसंत केली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असावेत. त्या वेळी मॅरेज गार्डनइतके शांत ठिकाण पृथ्वीवर दुसरे नाही.

पत्नीच्या डोक्याला, हनुवटीला, छातीला आणि पायांना तारा चिकटवण्यात आल्या. "सत्यनारायणाच्या चौरंगाला एवढे दोरे नसतात," ती मला म्हणाली. मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. तंत्रज्ञ बाई शेजारच्या काचेच्या खोलीत बसल्या. साधारण त्याच सुमारास पलीकडे पहिली वरात आली.

डीजे हा शब्द मी कायद्याच्या भाषेत कसा मांडावा हे मला ठरवता आलेले नाही. बाकाखालची फरशी हलत होती, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. मी उठून स्वागतकक्षात गेलो. तीच बाई होती. "शादियाँ हैं, अंकल. आवाज़ तो आएगी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या पायाने ताल धरलेला होता.

आत काय झाले ते पत्नीने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. भिंतीवरच्या स्पीकरमधून तंत्रज्ञ बाईंनी विचारले, "आंटीजी, सो गईं?"

"हाँ बेटा, सो गई," पत्नीने उत्तर दिले.

हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, झोपलेल्या माणसानं उत्तर द्यायचं नसतं."

"ती बिचारी माझ्यासाठी ताटकळत होती. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

डोळे मिटून ती सबंध वेळ निश्चल पडून राहिली. तिला बाथरूमला जायचे होते. उठायचे तर सर्व तारा काढून पुन्हा लावाव्या लागल्या असत्या, म्हणून तिने तेही कोणाला सांगितले नाही. पलीकडे एकामागून एक वराती नाचल्या आणि आकाशात फटाके फुटले. माझी पत्नी, पोटात खडे असलेली, एका यंत्राचे मन दुखावू नये म्हणून झोपेचे सोंग घेऊन पडली होती. यंत्राला मात्र सोंग कळते. ते त्याचे काम आहे.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी अहवाल आला. पत्नी महालक्ष्मीच्या पूजेची मांडणी करत होती. आलेखांच्या खाली एक ओळ होती: 'पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह. तपासणी पुन्हा करावी.'

मी ती ओळ दोनदा वाचली. हीच ओळ माझ्याविषयी लिहिली असती तर मी ती चौकट करून भिंतीवर लावली असती. माझ्या वरिष्ठांनी माझ्या गोपनीय अहवालात याहून बरेच काही लिहिले होते आणि त्यातले बहुतेक खरे होते. पण तिच्याविषयी?

अहवाल घेऊन आम्ही शल्यचिकित्सकांकडे गेलो. तेथील परिचारिकेने फाईल उघडली, ती ओळ वाचली आणि हट्टी मुलाशी बोलावे तशा स्वरात पत्नीला म्हणाली, "क्या आंटी, मशीन नहीं लगाने दी? ऐसे कैसे चलेगा? इतनी बड़ी होकर ज़िद करते हैं क्या?"

पत्नीने पदर सारखा केला. मी बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. रिक्षातही ती बोलली नाही, आणि हे मला पोटाच्या कळांपेक्षा गंभीर लक्षण वाटले.

मी केंद्राला पत्र लिहिले. उत्तरादाखल मोबाइलवर जोडलेल्या हातांचे चित्र आले आणि सेवेला पाचपैकी किती तारे द्याल असे विचारण्यात आले. दुसरे पत्र लिहिले. त्यावर एका मुलीचा फोन आला की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तो अभिप्राय काय आहे, असे मी तिला विचारले. तिला ते सांगण्याची परवानगी नव्हती. तिसरे पत्र मी स्वतः नेऊन दिले, पोच घेतली आणि संचालकांच्या दाराशी बसून राहिलो. अखेर त्यांनी मला आत बोलावले.

संचालक सौजन्याने वागले, हे नमूद करतो. ते म्हणाले, "सर, किसी ने लिखा नहीं है. सिस्टम में चार ऑप्शन आते हैं. सफल, तकनीकी ख़राबी, पेशंट नॉन-कोऑपरेटिव, और अन्य."

"तकनीकी ख़राबी क्यों नहीं?"

"मशीन तो ठीक थी, सर. ख़राबी लिखेंगे तो कंपनी वाले आ जाएँगे."

"फिर अन्य?"

"अन्य में टाइप करना पड़ता है."

मी त्यांना भिंतीपलीकडे बोट दाखवले. ते हसले आणि म्हणाले की त्या लोकांकडे परवानगी आहे, आणि खरे सांगायचे तर केंद्राच्या वार्षिक समारंभाला गार्डनवाले सवलत देतात. तपासणी पुन्हा करू, या वेळी मुहूर्त नसलेला दिवस पाहू. अहवाल मात्र बदलता येत नाही. तो एकदा 'सबमिट' झाला आहे. शिक्का मारलेला चुकीचा आदेश मागे घेण्याची पद्धत ब्रिटिशांच्या काळीही होती, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. चार वाजून गेले होते; केंद्राच्याच सूचनापत्रकाप्रमाणे तो वर्ज्य होता.

घरी येऊन मी पत्नीला सांगितले की पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे. ती मेथी निवडत होती.

"मी नाही जायची."

मला वाटले मी नीट ऐकले नाही. "अगं, त्याशिवाय ऑपरेशन नाही."

"ठाऊक आहे. त्यांनी तो शब्द काढावा. मग येते."

"मग दुसऱ्या केंद्रात जाऊ."

"फाईल तीच येणार बरोबर. तिथली नर्सही वाचणार."

"शब्दानं असं काय होतं?" मी म्हणालो.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. "हे तुम्ही विचारताय?"

स्वल्पविरामासाठी मी मंत्र्यांशी भांडलो आहे. एका 'अथवा'साठी माझी बढती थांबली होती. त्या सर्व काळात ती म्हणायची, "सोडा हो, एका शब्दानं काय होतंय." आता मी तिच्या पोटाची काळजी करतो आहे आणि ती शब्दाची. मुलाने पुण्याहून फोन करून समजावले. "तुझे बाबा बरोबर आहेत," ती त्याला म्हणाली, "पण या वेळी मीही बरोबर आहे." मुलाने घाबरून मला पुन्हा फोन केला.

यानंतर भोगी आली, आणि पेज. डॉक्टरांनी सांगितले आहे की फार थांबू नये. खडा नळीत अडकला तर प्रकरण हाताबाहेर जाईल. मी तिला रोज विनवतो. विनवणीची मला सवय नाही, आणि ती मला जमत नाही असे तीही म्हणते.

म्हणून हे लिहीत आहे. केंद्राने केलेल्या नोंदीची कायदेशीर स्थिती अशी आहे: ज्या दिवशी ती केली गेली त्या दिवशी ती असत्य होती. आज ती सत्य आहे. माझी पत्नी आता खरोखरच सहकार्य करत नाही. जे सासूला, सरकारी बदल्यांना आणि मला इतक्या वर्षांत साधले नाही ते या केंद्राने एका ओळीत साधले, आणि त्याचे श्रेय घ्यायला कोणीही पुढे येत नाही.

केंद्राने या महिन्यात 'निरोगी निद्रा' या विषयावर जाहीर व्याख्यान ठेवले आहे. प्रवेश सर्वांना खुला आहे, व्याख्यानानंतर संचालक श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणार आहेत, आणि प्रश्न थोडक्यात असावेत अशी तळटीप आहे. सभागृह भिंतीपलीकडच्या त्याच गार्डनचे आहे. आम्ही दोघे पहिल्या रांगेत असू. ती यायला तयार झाली आहे. "बोलणार मात्र तुम्ही नाही," ही तिची अट आहे, "विचारणार मी." प्रश्न तिने स्वतः तयार केला आहे. मी त्यात एक स्वल्पविराम घातला होता, तो तिने काढून टाकला.

तो प्रश्न येथे आगाऊ देत आहे, म्हणजे तयारीला वेळ मिळाला नाही अशी सबब राहू नये. केस धुऊन, चहा सोडून, तुळशीचा मुहूर्त मोडून आलेल्या बाईने कोणत्या गोष्टीत सहकार्य केले नाही? उत्तर सिस्टमने देऊ नये. ज्या माणसाने त्या चारांतला तिसरा पर्याय दाबला त्याने उठून उभे राहावे, स्वतःचे नाव सांगावे आणि माइकवर, सर्वांसमोर, तिच्याकडे पाहून उत्तर द्यावे. उत्तर नसेल तर तेथेच तो शेरा मागे घ्यावा आणि 'अन्य' या रकान्यात खरे काय ते टाइप करावे. फेरतपासणीसाठी आम्ही त्याच संध्याकाळी येऊ शकतो. पिशवी, पांघरूण आणि तिची उशी भरून ठेवली आहे.