आमच्या घरमालकांची नाकाबंदी

उद्या सरकारने सगळे तपासणी नाके बंद केले आणि साहेब लोकांना घरी पाठवलं, तरी आम्हा ट्रकवाल्यांची सुटका नाही. कारण धायरीत आमचे घरमालक, म्हणजे काका, आहेत. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आठवीत शाळा सोडून निघालेला मी पुण्यात ट्रक चालवतो आणि यांच्या मागच्या खोलीत राहतो. काकांनी अर्धं आयुष्य नारायण पेठेत आणि सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काढली. स्कूटरपेक्षा मोठं वाहन त्यांनी कधी चालवलं नाही. पण ट्रकच्या कागदांबद्दल बोलायला लागले की वाटावं, जगात आधी परमिटचा शोध लागला, आणि ते कशाला तरी चिकटवायला हवं म्हणून मग कोणीतरी गाडी बनवली!

याची सुरुवात माझ्या पहिल्या दंडाने झाली. पीयूसीची मुदत आदल्या दिवशी संपलेली, मला पत्ताच नाही, आणि नाक्यावर गाडी बाजूला. मांजरीचे आमचे गाडीमालक म्हणाले, "पुन्हा एकदा कागदापायी दंड झाला, तर किल्ली टेबलावर ठेवायची अन् गावाकडची गाडी पकडायची. ड्रायव्हर मला छप्पन हायेत." गावाकडे काय होतं? आई-बाबा, बायको, लहानी पोरगी, आणि त्या सगळ्यांचं माझ्या किल्लीकडे लागलेलं लक्ष. मी तोंड पाडून पायरीवर बसलो होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि भर उन्हात अंगावर काटा आल्यासारखे शहारले. "माझ्या घरात राहणाऱ्या माणसाचा कागद मुदतबाह्य? अहो, माझ्या टेबलावरून चाळीस वर्षांत एक लखोटा बिनशिक्क्याचा गेला नाही!" दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून गाडी काढली, तर गल्लीच्या तोंडाशी कानटोपी, खाकी स्वेटर आणि गळ्यात शिट्टी असा एक माणूस हात आडवा करून उभा. "गाडी बाजूला घ्या. कागद!" मी हसलो. ते हसले नाहीत. "इन्शुरन्स?" "आहे ना काका, घरी आहे." "घर तपासायला कोण आलंय? मी गाडी तपासायला आलोय."

तेव्हापासून रोज पहाटे नाकाबंदी! हिरव्या पिशवीतल्या फाईलमध्ये आरसी, फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, माझं लायसन्स अशी पंगत त्यांनी स्वतः मांडून दिली होती, आणि पंगतीत कोणी जागा बदललेली त्यांना खपत नसे. रोज नवा साहेब. सोमवारी घाईतला साहेब, जो अर्धंच वाचतो; मंगळवारी गोड बोलून सगळं काढून घेणारा; आणि एक तर घरी भांडून आलेला साहेब, जो ते इतका हुबेहूब करत की आतून काकू ओरडायच्या, "अहो, माझं नाव घेऊ नका त्यात!" मी उलट बोललो की नापास, थरथरलो की नापास, विचारल्यापेक्षा जास्त बोललो की सगळ्यात मोठा नापास. "चालकमहाशय, साहेबाने परमिट मागितलं तर परमिट द्यायचं. गावाकडच्या पावसाची बातमी द्यायची नाही." मला तर घाबरलो की बोलायची सवय. शाळेत गुरुजींनी पाढा विचारला की मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो!

पुढे त्यांना माझा एकट्याचा ट्रक पुरेना. उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर यायचा. एकदा काकांनी तो फाटकात अडवला आणि फिटनेस मागितलं. ते संपलेलं निघालं. काकांनी जाहीर केलं, "मुदत संपलेल्या गाडीतलं पाणी आपण स्वीकारणार नाही." टँकरवाला खुशाल निघून गेला. चारी मजल्यांवरच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात उभ्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "आता आंघोळीच्या जागी प्रत्येकाला एकेक सर्टिफिकेट द्या." त्या दिवशी काका पुतण्याकडे जेवायला गेले ते दिवेलागणीलाच परतले.

पण हसता हसता या माणसाने मला किती वेळा वाचवलं! एकदा चाकणजवळ गाडीचा गिअरबॉक्स गेला. मालकांनी दुसरी गाडी पाठवली, माल तिच्यात भरला, आणि मी खुशीत काकूंना फोन केला की जेवायला उशीर होईल. फोन काकांनी ओढून घेतला. "ई-वे बिलावर नंबर कुठल्या गाडीचा?" मालाबरोबरचं ते सरकारी बिल मी बघितलं. जुन्या गाडीचा! माल खरा, गाडी खरी, माणूस खरा, आणि कागदावर मात्र तो माल गॅरेजमध्ये उभा. "हलायचं नाही. ऑफिसला नवा नंबर चढवायला सांगा, मग किल्ली फिरवा." मी तसंच केलं, आणि पुढच्याच वळणावर तपासणी! साहेबाने बिल बघितलं, नंबरप्लेट बघितली, आणि जा म्हणाला. मी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी नमस्कार केला.

आता खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी लोक हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. काका म्हणाले, "ट्रकला हार तुमचे मालक घालतील. खरं हत्यार फाईल आहे." ती त्यांनी देवापुढे मांडली. चारच दिवसांपूर्वी इन्शुरन्स नवा झाला होता. तो कागद, त्याच्या दोन्ही झेरॉक्स, सगळ्यांना सारखा मान, सगळ्यांना कुंकवाचं बोट. दसऱ्याला पहाटे मालकांचा फोन आला, अर्जंट माल आहे, आत्ताच निघ. काका आत तोरण ओवत होते. त्या एकाच दिवशी शिट्टी वाजली नाही, आणि त्याच दिवशी मी फाईल देवापुढेच ठेवून नुसता डबा भरलेली हिरवी पिशवी घेऊन निघालो!

मांजरीच्या अलीकडे आरटीओचं पथक उभं. मी पिशवी उघडली तर आत श्रीखंड-पुरी. साहेबांनी नंबर टाकून त्यांच्या मशीनवर बघितलं. बाकी सगळं ठीक निघालं, पण नवा इन्शुरन्स अजून तिथे चढलेला नव्हता. "इथे मुदत संपलेली दिसते. कागद दाखवा." मी काकांना फोन केला. साहेब म्हणाले, "येऊ दे तुमच्या काकांना. तोवर बसा, आणि झेंडूच्या भावाबद्दल बोलू नका." म्हणजे घाबरून मी बोलायला लागलोच होतो.

काका आणि काकू रिक्षाने आले. मला जरा नवल वाटलं, कारण दारात स्कूटर होती; पण तिचं पीयूसी संपलंय म्हणून ती पावसाळ्यापासून झाकून ठेवलीय, असं काका सांगायचे. यांच्या घरात पीयूसी संपलेलं कसं राहिलं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. काकांनी ऐटीत फाईल पुढे केली. साहेबांनी इन्शुरन्स काढला आणि बघतच राहिले. जिथे मुदतीची तारीख, बरोब्बर तिथेच ठसठशीत कुंकू! झेरॉक्स काढल्या. तिथेही तेच. "काका," साहेब म्हणाले, "तारीख सौभाग्यवती झाली, पण मला दिसेनाशी झाली." काका त्या कागदाकडे बघत होते, डोळे बारीक करून, लांब धरून, मग जवळ धरून. "मी तर... कोऱ्या जागेवर लावलं होतं," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यातला तो काळा ठिपक्यांचा चौकोन मोबाइलने स्कॅन केला. पडद्यावर चक्र गोल फिरत राहिलं. मला गावाकडची गाडी, पोरीचं तोंड, सगळं दिसलं! आणि मग हिरवी खूण आली. मुदत पुढच्या वर्षापर्यंत. "जा. दसऱ्याचं सोनं समजा," साहेब म्हणाले. मी रस्त्यावरच त्यांच्या पाया पडणार होतो, काकूंनी कॉलर धरून मागे ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "दिसत नाही रे त्यांना. मोतीबिंदू पिकलाय. तुझे कागद पाठ आहेत म्हणून रोज वाचल्यासारखं बोलतात. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणतात, दवाखान्याचं संमतिपत्र स्वतः वाचल्याशिवाय सही करणार नाही. आणि वाचता येत नाही!"

म्हणजे इतके दिवस पहाटे हा माणूस काळोखातच माझे कागद तपासत होता. त्या संध्याकाळी सोनं द्यायला गेलो तेव्हा मीच म्हणालो, "काका, मी वाचतो." आठवीत शाळा सोडलेला मी, अडखळत, बोट ठेवून, ते अख्खं संमतिपत्र वाचत गेलो. "थांबा. तिथे स्वल्पविराम आहे का?" "हो जी, आहे." "मग पुन्हा वाचा." दोनदा वाचून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी पेनाचं टोक रेघेवर टेकवून दिलं. सही झाली. तारीख त्यांनी मला घालायला सांगितली.

काल ते दवाखान्यात दाखल झाले. आज पहाटे मी गाडी काढली आणि गल्लीच्या तोंडाशी आपोआप ब्रेक लागला. कोणी नव्हतं. मीच फाईल उघडली, पंगत बघितली, तरी क्लचवरचा पाय उठेना. तेवढ्यात शिट्टी वाजली. काकू होत्या, नाइटीवर खाकी स्वेटर घातलेल्या. "त्यांनी बजावून ठेवलंय," त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून, "इन्शुरन्स?"

"आहे, काकू."

"घरी की गाडीत?"

"गाडीत," मी म्हणालो, आणि पुढे काही म्हणता आलं नाही. काकांच्या हिशेबाने हा माझा पहिला पूर्ण पास झाला असता. विचारलं तेवढंच बोललो होतो.