व्याह्यांची गाडी

परदेशातून सुट्टीवर आलेल्या माणसाला गावात कुणी सुट्टी देत नाही. मी मस्कतला एका बांधकाम कंपनीत नोकरीला होतो. वर्ष-दीड वर्षातून एकदा महिनाभर जळगावला यायचो, अन् तो महिना लोकांकडे चहा पिण्यात आणि ‘तिकडं पाणी कसं मिळतं हो?’ याचं उत्तर देण्यात जायचा. परतीच्या विमानात बसलो की कुठं जरा पाठ टेकायची. त्यातली नव्वद सालच्या आसपासची एक सुट्टी मी एका गॅरेजमध्ये जुन्या टायरवर बसून घालवली. अजून तो विषय निघाला की मला थकवा येतो.

आईचे गुडघे तेव्हा गेलेलेच होते. एसटीत चढायचं म्हणजे एकानं वरून ओढायचं अन् एकानं खालून ढकलायचं. फैजपूरला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती, आणि दोघींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. मी आलो की आई तो विषय काढायची, मग स्वतःच ‘जाऊ दे, नाही झेपायचं’ म्हणायची. हे माझ्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. ती धुळ्याला दिलेली, लग्नाला जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली. सासरी कापसाची अडत, घरात फोन, दारात पांढरी अँबॅसिडर. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. ती गाडी नानांच्या जिवाची. सख्ख्या पुतण्याच्या वरातीलाही दिली नव्हती म्हणे. तीच गाडी बहिणीनं आमच्यासाठी तोंड उघडून मागितली. ‘माझा भाऊ तिकडं रोज गाडी चालवतो, हात बसलाय त्याचा,’ असं तिनं स्वतःच्या भरवशावर सांगितलं, अन् नाना हो म्हणाले.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मुळीच पटलं नाही. लेकीच्या घरी द्यायचं असतं, तिथून घ्यायचं नसतं, एवढी एकच गोष्ट त्यांना जगात पक्की माहीत होती. गाडी दारात येऊन उभी राहिली तरी ते तिच्याकडे बघेनात. ‘चार दिवसांत परत पोचव, अन् पुन्हा असली मागणी नको,’ एवढं म्हणून ते देवळात निघून गेले. आई अन् मी फैजपूरला गेलो, ते आले नाहीत.

फैजपूरला आई अन् मावशी रात्र-रात्र बोलत बसल्या. ते बघून मला वाटलं, चला, सुट्टीचं सार्थक झालं. परत निघालो तर फाट्यावर आईला उसाचा रस प्यावासा वाटला. गाडी कडेला घेतली, रस प्यालो, निघालो. अन् मोकळ्या रस्त्यावर मी सरळ उजव्या बाजूनं चालायला लागलो. मस्कतला गाड्या उजवीकडून चालतात. गर्दीत समोरचे लोकच तुम्हाला डावीकडे ठेवतात, पण रिकाम्या रस्त्यावर हात आपल्या सवयीनं जातो. आई मावशीच्या सुनांबद्दल सांगत होती, मी हं हं करत होतो. वळणावरून केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर समोर आला. तो बिचारा आपल्या डावीकडे सरकला, मी माझ्या उजवीकडे सरकलो, म्हणजे दोघंही एकाच कडेला. शेवटी मी चाक फिरवलं, पण उशीर झाला होता. उजवं मडगार्ड टायरवर बसलं, दिवा फुटला, माझ्या बाजूचं दार आत दबलं. केळीचे घड रस्ताभर झाले.

ट्रॅक्टरवाल्यानं उतरून आधी आईला विचारलं, ‘मावशी, लागलं का कुठं?’ मग मला एक शिवी दिली. ती मला मान्य होती. आई बधीर झाली होती, पण धड होती. ‘माले काही नही व्हयनं,’ ती मला म्हणत राहिली, ‘भाऊ, तुले लागनं का?’ तोवर शेतातनं माणसं आली. मी म्हणालो, पोलीस येईपर्यंत गाडी हलवू नका. तिकडं तसंच करावं लागायचं. पोलिसाचा कागद नसेल तर कुठलंही गॅरेज साधा पोचा काढून देत नाही. इथं माणसं माझ्याकडे बघत राहिली. एक म्हातारा म्हणाला, ‘साहेब, गाडी ठाण्यात जमा करायची शे का? मग दिवाळीलेच भेटी.’ झालं. पहार आणून मडगार्ड टायरपासून सोडवलं, घड गोळा केले, चहा आला. अन् चहाबरोबर आपल्याकडचं ठरलेलं विचारणं आलं. कुठले तुम्ही, कोणाचे, नंबर तर धुळ्याचा दिसतो. मी टाळत होतो. पण आईला कुणी मायेनं विचारलं की ती सांगणारच. ‘मनी पोरना सासरनी गाडी शे,’ म्हणाली, अन् नानांचं नाव, गाव, अडतीचं दुकान, सगळं सांगून मोकळी झाली. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी त्या दाराकडे बघत होतो.

जळगावात पोचलो. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली अन् ओट्यावर बसले. मी म्हणालो, नानांना फोन करतो, झालं ते सांगतो, दुरुस्त करून आणतो म्हणतो. आबा एकदम कडाडले. ‘तू सुट्टी संपली की विमानात बसशील. बोलणी कुणाला बसतील? तिला. तिनं शब्द टाकला म्हणून गाडी मिळाली. आता जन्मभर त्या घरात उठता-बसता तिला हेच ऐकावं लागेल. व्याह्यांना कळता कामा नये.’ मला ते पटलं नव्हतं. पण आबांशी वाद घालायला अंगात ताकद लागायची, ती त्या संध्याकाळी माझ्यात नव्हती. नवीन सून म्हणजे ती अजून परकीच, हेही खोटं नव्हतं. ठरलं असं की आईचे गुडघे फैजपूरला धरलेत, म्हणून मुक्काम वाढलाय, असं सांगायचं.

मग सुरू झालं गॅरेज. डेंटिंग-पेंटिंगवाले एक चाचा होते. हात चांगला, पण हाताआधी तोंड चालायचं. त्यांच्या जावयाला आखातात जायचं होतं. ‘साब, विसा का कुछ करो’ इथून दिवस उगवायचा. मी म्हणायचो, चाचा, आधी दार. मग ते दारावर दोन हातोड्या मारायचे अन् विचारायचे, तिकडं वेल्डरला काय मिळतं? दार उतरवून आतून पत्रा ठोकत आणला, तर मडगार्ड तसंच पडलेलं. मडगार्ड धरलं तर दिवा मिळेना, दिवा नाशिकहून येणार. पुट्टी भरून घासायला घेतली की लाईट जायची. रंग मारायच्या दिवशी वावटळ उठली, अन् ओल्या रंगावर अशी धूळ बसली की चाचांनी स्वतःच कपाळाला हात लावला. सगळं पुन्हा घासणं आलं. ‘कल पक्का,’ ते म्हणायचे. मी घरी गेलो की आबा दारातच विचारायचे, ‘झालं?’ मला त्या शब्दाचा वीट आला होता. माझी सुट्टी, माझे मित्र, आईशी बोलणं, सगळं त्या टायरवर बसून वाळून गेलं.

रंग तर जुळेचना. नानांची गाडी उन्हानं सायीसारखी पिवळट झालेली, अन् डब्यातला पांढरा म्हणजे चुन्यासारखा. चाचा त्यात थेंब-थेंब पिवळा घालायचे, पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात धरायचे, मान हलवायचे. मीही मान हलवायचो. त्या दिवसांत मला झोपेतही पांढरा रंग दिसायचा.

अन् दर दोन-चार दिवसांनी एसटीडी बूथवर जाऊन धुळ्याला खोटं बोलायचं. आबा बूथच्या बाहेर उभे राहायचे. बहीण फोन घ्यायची. ‘आईचे गुडघे अजून तसेच गं,’ मी म्हणायचो. ती म्हणायची, ‘बरं.’ जास्त काही विचारायची नाही. आईचं कळल्यावर जिचा जीव वरखाली व्हायचा, ती नुसतं ‘बरं, जपा’ म्हणायची. मला वाटलं, सासरी रुळली, आईची ओढ कमी झाली. वाईटही वाटलं थोडं. एकदा म्हणाली, ‘नाना इथंच आहेत, देऊ?’ मी नको म्हणेपर्यंत नानांचा आवाज आला. फार मायेनं बोलले. ‘आईंना घाई करू नका म्हणावं. गाडी काय, आपलीच शे. डॉक्टरला दाखवलं का? काय म्हणतात ते?’ मी डॉक्टरचं सगळं रचून सांगितलं, औषधंसुद्धा सांगितली. बाहेर आलो तेव्हा शर्ट ओला झाला होता. आबा म्हणाले, ‘माणूस मोठ्या मनाचा आहे.’

शेवटी एकदाची गाडी झाली. खरंच चांगली झाली होती, ते नाकारत नाही. आबा वाकून, उन्हात, सावलीत, सगळीकडून बघून आले अन् त्या सुट्टीत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. दोघं धुळ्याला निघालो, आई घरी एकटी म्हणून पाचच्या बसनं परतायचं ठरवून. पारोळ्याजवळ आबा म्हणाले, ‘पोरीच्या अंगावरचं निभावलं बघ.’ मलाही हलकं वाटलं. इतके दिवस गेले, पण कुणाच्या तरी कामी गेले, असं वाटलं.

नाना ओट्यावर होते. उठून गाडीभोवती फिरले, मडगार्डवरून हात फिरवला, म्हणाले, ‘चकाचक ठेवली हो गाडी.’ आबांना घेऊन बैठकीत बसले. मेहुणेही येऊन बसले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो, बहिणीला हळूच सांगितलं, की गाडी ठोकली होती, पण निभावलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. वाळली होती. मग हळू आवाजात म्हणाली, ‘भाऊ, त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.’

ट्रॅक्टरवाल्याचा कुणी नातलग धुळ्याच्या बाजारात कापूस घेऊन आला होता. त्यानं नानांना भर पेढीवर काळजीनं विचारलं होतं, गाडीला फार लागलं का, म्हातारी बरी आहे ना. नाना घरी आले, तिला बोलावलं अन् म्हणाले, तू काही सांगायचं नाही, बघू तुझ्या माहेरचे काय सांगतात. मग प्रत्येक फोनला ते तिच्याशेजारी बसून राहिले. मी गुडघ्यांचं सांगायचो, ते ऐकायचे.

‘गाडीवरून रागावले का?’ मी विचारलं.

‘गाडीचं एक अक्षर काढलं नाही त्यांनी. ठोकली म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर बोलले असते चार शब्द, मी ऐकून घेतले असते. झालं असतं.’ ती पोळी लाटत होती, ती लाटणं थांबवत नव्हती. ‘आता मी काही सांगितलं की विचारतात, खरं का? दूध नासलं म्हटलं, तर खरं का. डोकं दुखतं म्हटलं, तर खरं का. सासूबाईही विचारतात. हेही विचारायला लागलेत. हसून विचारतात, म्हणजे मला रडायची पण सोय नाही.’

मी म्हणालो, आत्ता बाहेर जातो अन् पाया पडून सगळं सांगतो. तिनं माझा हात धरला. पिठाचा हात. ‘नको. आता सांगितलंस की मीच तुला सांगितलं हे कळेल. मग तेही माझ्याच डोक्यावर.’ फार लाज वाटली, अन् रागही आला. आबांचा, नानांचा, त्या रंगाच्या डब्याचा. त्या रागाचं काही करता येत नव्हतं.

बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, ‘पाहुण्यांना जेवायला बसव ना.’

बहीण पदराला हात पुसत दारात गेली. ‘थांबत नाहीत म्हणतात,’ ती म्हणाली. ‘आई घरी एकटी आहे, पाच वाजताची बस गाठायचीय.’

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

‘खरं का?’ नाना म्हणाले, अन् हसले. मेहुणे हसले. बहीणही हसली. आबांना काहीच माहीत नव्हतं. सगळे हसताहेत बघून तेही हसले.