येरझारे सर आणि आमचा निकाल

खुर्चीत बसलेले सर मला आठवतच नाहीत. कोल्हापूरच्या आमच्या अध्यापक विद्यालयात ते आम्हा मुलींचे पाठ तपासायचे, तेही वर्गाच्या मागच्या भिंतीलगत फेऱ्या मारत. म्हणून ते येरझारे सर.

‘‘पेपर एकपट, पाठ तिप्पट!’’ हे त्यांचं पालुपद. शाळेत जाऊन शिकवलेल्या पाठांच्या गुणांना तीननं गुणायचं, लेखीचे मिळवायचे, चारनं भागायचं. पन्नास आले की पास.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. निकाल लागला. मला बरोबर पन्नास. राधानगरीची सुशीला अठ्ठेचाळिसावर नापास. ती ट्रंक उचलून रडत गावी गेली. सर यादीपुढं पुटपुटत उभे राहिले, निघाले, पुन्हा आले. कारकुनानं दोन्ही गुणांची नुसती बेरीज करून दोननं भागलं होतं.

प्राचार्य म्हणाले, ‘‘लागलेला निकाल बदलला तर संस्थेचं नाव जाईल.’’

‘‘जाऊ दे की! तिकडं पोरीचं वर्ष जातंय,’’ म्हणत सरांनी भिंतीवरची यादी काढून घेतली.

नव्या हिशेबात सुशीला त्रेपन्नावर पोचली. लेखीत बासष्ट, पण पाठांत अडतीसच मिळवलेली मी चव्वेचाळिसावर आले. हे सांगायला ते स्वतः वसतिगृहाच्या दारात आले.

‘‘सर, तुम्ही गप्प बसला असता तर?’’

‘‘तेवढंच येत न्हाय मला, पोरी,’’ म्हणाले, आणि सुशीलाला परत आणायला एस.टी. गाठायला धावले.

पुढचे सहा महिने मी पुन्हा पाठ दिले. त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते मात्र एकही पाठ चुकवत नसत. मी पाठमोरी बोलू लागले की मागून आवाज यायचा, ‘‘फळ्याला काय शिकवतीस? पोरांकडं बघ!’’ रागारागानं मी वळायचे. वळता वळता पोरांचे चेहरे ओळखीचे झाले, कुणाला कळलं नाही तेही दिसू लागलं. या खेपेला पाठांत एकसष्ट मिळाले.

प्रमाणपत्र घ्यायला गेले तेव्हा कळलं, सरांचं ठरलेलं उपप्राचार्यपद त्या निकालापायी दुसऱ्याला गेलं होतं. मी ओशाळून विचारलं, ‘‘सर, तुम्हाला राग नाही आला?’’

‘‘आला की! पण तुझ्याएवढा न्हाय.’’

सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर हसले. त्यांचं लक्ष घड्याळाकडं.

‘‘हसत काय उभारलीस? आजऱ्याची गाडी चुकंल. उद्यापासनं तिथल्या शाळेत नोकरी हाय तुझी. पळ!’’

मी पळाले. नमस्कार करायचा राहिला, तो राहिलाच.