दुसऱ्या बाजूची फेरी

अर्धा उरलेला चहा तो खिडकीत ठेवायचा आणि विसरायचा. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचा, मग उजेडात धरून उगाच पाहायचा. फोन उचलला की "हां, बोल". "हॅलो" कधीच नाही. संगणकाच्या पडद्याला बोट लावू द्यायचा नाही. "हे माझं ताट आहे, हात घालू नका." कुठलंही चित्र आधी मान वाकडी करून बघायचा.

आमच्या कार्यालयात उपग्रहावरून जंगलाची पाहणी होते. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे अहवालांची भाषा नीट करायला लागलो. शेजारची खुर्ची त्याची. पहिल्याच आठवड्यात त्याने समजावलं, साधा फोटो ढगांपाशी अडतो, रडार अडत नाही. ते खाली लहरी सोडतं, परत येतील त्यांचं चित्र होतं. दाट झाडी उजळ, मोकळी जमीन काळपट.

"म्हणजे काळं ते तोडलेलं?"

"असंच समजलो, म्हणून तर हे नाव पडलं."

सगळे त्याला सावलीशेठ म्हणायचे. नवखा असताना त्याने एका डोंगराचा अख्खा उतार 'जंगल तोडलं' म्हणून नकाशावर लाल केला होता. वनरक्षकांचं पथक धापा टाकत वर गेलं. झाडं जागच्या जागी. रडार तिरकं बघतं. डोंगराच्या पाठीमागे लहरी पोचत नाहीत, तिथे नुसती सावली पडते. त्या पथकात त्याची थोरली बहीण होती. नाव तिनेच ठेवलं.

तेव्हापासून उपग्रहाने जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय तो काही लाल करत नसे. तोवर जागा पिवळी. पिवळी म्हणजे संशय. पथक निघतं ते लाल झाल्यावरच.

गेल्या महिन्यात ताईच्याच हद्दीतला एक उतार काळवंडला. हात कामात असल्याने तो फोन स्पीकरवर ठेवायचा, त्यामुळे सगळं मला ऐकू यायचं.

"अरे, कडेची झाडं ठेवतात, आतली मोठी काढतात. रस्त्यावरून बघावं तर हिरवंगार. आमचे साहेब म्हणतात, तुम्हाला भास होतो. तू लाल कर, म्हणजे मला माणसं मिळतील."

"ताई, तो उतार सावलीतला आहे. दुसरी फेरी येऊ दे."

"तुझा उपग्रह फिरून येईतो कुऱ्हाड वाट बघणारे का?"

"तुझ्या शब्दावर केलं आणि चुकलं, तर पुढे तुझं कोण ऐकेल?"

"मग मी एकटीच जाऊन उभी राहते त्यांच्यासमोर."

"वेडी आहेस का? थांब जरा."

"मोठा आलाय न्यायाधीश. जेवलास?"

"जेवलो."

"खोटारडा."

मंगळवारी दुसरी फेरी आली. त्याने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. या बाजूने उतारावर सावली नव्हती. तरी मधला भाग काळपटच होता.

"खरंय तिचं," तो म्हणाला.

माउस घेऊन तो कडेकडेने ठिपके टाकत सीमा आखायला लागला. मी अहवालात डोकं घातलं. थोड्या वेळाने काहीतरी पडल्याचा आवाज आला. माउस वायरीला लोंबकळत होता. तो खुर्चीत एका बाजूला कलला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. चाळिशी अजून लांब होती. त्याला नेल्यावर मी माउस उचलून टेबलावर ठेवला. का, माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात ताई त्याचं सामान न्यायला आली. गणवेशातच होती. तिने खण रिकामा केला, पिशवी बांधली.

"ते लाल झालं का?"

आमच्या कार्यालयाचे साहेब खाली बघत म्हणाले, नवीन माणूस येईल, तो पहिल्यापासून तपासेल. नियम तसा आहे.

"कधी येईल?"

"बघू."

मी तिला पडदा दाखवला. तिने मान वाकडी करून ते बघितलं. मग पिशवी माझ्याकडे दिली.

"ही ठेव इथेच. उजेड आहे तोवर मला वर पोचायचंय."

"एकट्याच?"

"आणखी कोण आहे?"

ती गेली. पडद्यावर सीमा तीन बाजूंनी आखलेली आहे. उत्तरेकडे उघडी आहे. शेवटचा ठिपका पहिल्याला जुळत नाही तोवर संगणक ती नोंदवून घेत नाही. जागा अजून पिवळीच आहे.