बाईमाणसाच्या हाताचं आवळलेलं

मला अजून राग येतो, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

वालीवच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं प्रेशर गेज जुळवते. बारीक स्क्रू कुठवर आवळायचा आणि कुठे थांबायचं, हे माझ्या बोटांना कळतं. नवीन माणूस कामाला लागला की साहेब त्याला माझ्याकडे पाठवतात, म्हणतात, "बाईंचा हात बघ." पण निर्मळला, माझ्या माहेरी, याचा कुणाला पत्ता नाही. तिथे मी रविवारी मनवेलपाड्याच्या माझ्या घरून डबा घेऊन येणारी मुलगी.

बाबांकडे छर्ऱ्याची बंदूक आहे. वाडीच्या टोकाला मातीचा उंच बांध, त्यापुढे टांगलेल्या करवंट्या, आणि रविवारी सकाळी नेम धरायला जमणारे गावातले चार म्हातारे. त्या सगळ्यांत बाबांचा नेम पहिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते चुकायला लागले. नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, माशी, दिसली तर करवंटी पुसट, करवंटी दिसली तर माशी गायब. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, जवळचं आणि लांबचं एकदम दिसणार नाही एवढंच. बाबांनी ऐकलं नाही. "डोळे गेले माझे," म्हणून त्यांनी बंदूक ठेवली, आणि मग पहाटे सोनचाफा तोडायला जाणंही सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. ते मला बघवेना.

म्हणून मी बंदुकीवर बसवायची दुर्बीण आणली. तिच्यात नेमाची फुली आणि करवंटी एकदमच स्पष्ट दिसतात, माशीची भानगडच नाही. एका रविवारी अंगणात बसून मी ती बसवली. बंदुकीवरची खाच आणि दुर्बीण धरणाऱ्या कड्या तेल पुसून कोरड्या केल्या, नाहीतर छर्रा सुटतानाच्या दणक्याने दुर्बीण मागे सरकते. बाबांना चष्म्यासकट नेम धरायला लावून, काचेतलं पूर्ण गोल दिसेपर्यंत ती मागेपुढे केली. ओळंबा टांगून फुलीची उभी रेघ त्याला जुळवली. मग कड्यांचे स्क्रू आलटून पालटून, पाव-पाव फेरा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. एल-चावी आखूड बाजूने धरली, म्हणजे जोर मोजकाच लागतो. दुर्बिणीची नळी पातळ असते, तिला कडीने नुसतं धरायचं असतं, आवळून मारायचं नसतं. हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते "हं, हं" करत होते. त्या दिवशी त्यांचे शेवटचे तीन छर्रे एकाच करवंटीत गेले, आणि ते लहान मुलासारखे हसले.

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेले तर बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. बाबा ओट्यावर, माझ्याकडे न बघता.

"देऊन टाक कुणाला तरी. सगळ्यांसमोर एक छर्रा लागला नाही. करवंटी समोर दिसते आणि छर्रा भलतीकडे. डोळा फसवतो मला."

मी दुर्बिणीची नेम सरकवायची चकती फिरवून बांधावर छर्रे मारून पाहिले. कितीही फिरवा, छर्रा तिथेच. मी कड्या सोडल्या. दुर्बिणीच्या काळ्या नळीवर दोन्हीकडे कडीच्या काठाचे वळ उठले होते, खोल. चकतीने हलते ती आतली नळी चेपून अडकली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाला धारेवर धरलं. घरात पाने-पकडींशी खेळणारा तोच. तो बिचारा शपथा घेत राहिला आणि मी, "चोराच्या उलट्या बोंबा!" म्हणून ओरडत राहिले.

"त्याला कशाला बोलतेस?" बाबा म्हणाले. "तू गेल्यावर मीच आवळली. चावीला पक्कड लावून."

"का?"

"बाईमाणसाच्या हाताचं आवळलेलं. दणक्याने सुटलं असतं."

ते रागाने बोलले नाहीत, हेच मला जास्त लागलं. जेवणात मीठ कमी आहे, असं सांगावं तसं बोलले. स्वतःचा डोळा मेला हे त्यांनी आनंदाने मानलं असतं, माझा हात बरोबर होता हे मात्र त्यांच्या मनाला शिवलं नाही. मी दादाची माफी मागितली. बाबांना म्हटलं, "तुमचे डोळे ठणठणीत आहेत. अक्कल तपासून घ्या." डबा तसाच ठेवून निघाले.

पंधरा दिवसांनी दुसरी दुर्बीण आणली, कारण ओट्यावरचा तो माणूस माझा बाप आहे. पुन्हा तशीच बसवली, तेवढीच आवळली, आणि एल-चावी पर्समध्ये टाकली.

आता ते रविवारी करवंट्या फोडतात आणि पहाटे सोनचाफ्याखाली असतात. परवा मी चहा घेऊन बांधाकडे गेले, तर चौघांना फुटलेली करवंटी दाखवत होते.

"बघा," ते म्हणत होते, "डोळा अजून शाबूत आहे माझा."

मी चहा ठेवला. एल-चावी माझ्याच पर्समध्ये आहे, आणि ते ती मागेपर्यंत नाही, माझा हात बरोबर होता हे कबूल करेपर्यंत तिथेच राहील.