दर महिन्याचं कार्ड

आवक-जावक विभागात अठ्ठावीस वर्षं शिक्के मारून ती निवृत्त झाली आणि घरी बसून पुन्हा शिक्केच मारू लागली. वहिनी म्हणायची, "नोकरी सुटली, पण शिक्का काही सुटला नाही." आता शिक्के फुलांचे, पक्ष्यांचे, अक्षरांचे होते, एवढाच फरक. जाड कागदावर उशिरा वाळणाऱ्या शाईचा ठसा उमटवायचा, त्यावर बारीक पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेचा झोत द्यायचा. पावडर वितळून अक्षरं कागदावर टम्म उठून यायची. गल्लीत सगळे तिला शिक्केताई म्हणत.

फर्निचरच्या दुकानाचा मालक तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. दर महिन्याला त्याला आईसाठी एक कार्ड लागे. अक्षरं मोठी आणि चांगली उठलेली हवीत, एवढीच अट. "लिहा काहीतरी डोळ्यांत पाणी येईल असं," फोनवर तो काहीतरी चघळत सांगे. आई कुठेतरी लांब गावी असेल, असं धरून शिक्केताई 'तुझ्या हातांची ऊब आठवते' वगैरे मनापासून लिहायची.

एकदा त्याचा नोकर सुट्टीवर होता. तो म्हणाला, "तुम्हीच पोचवाल का? वृद्धाश्रम आमच्या दुकानामागेच आहे."

दुकानापासून चालत चार मिनिटं. आई खिडकीशी बसली होती, दोन्ही डोळे गेलेले. कार्ड हातात घेऊन तिने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, सावकाश, ओठ हलवत.

"मुलाला यायला सवड नसते हो," ती म्हणाली. "पण कार्ड स्वतः करतो. करताना बोटं भाजतात म्हणे."

 शिक्केताईला त्याची शिसारी आलीच, पण स्वतःचीही आली. ती गोड वाक्यं जुळवताना तिला केवढी मजा यायची.

ती तडक दुकानात गेली. "आईशी असं खोटं का बोलता?"

प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यावर तो रेलला होता. "तिला बरं वाटतं, तुम्हाला काम मिळतं. कुणाचं काय बिघडलं?"

"शेवटचे कधी गेला होतात?"

"तिथे वास येतो हो," तो नाक मुरडत म्हणाला.

"मला इथे येतोय," असं म्हणून ती बाहेर पडली. घरी येऊन तिने साबण लावून दोनदा हात धुतले.

पुढच्या महिन्यात तिने कार्ड केलं नाही. पण राहवलं नाही, म्हणून आश्रमात गेली. आईच्या मांडीवर बाजारातलं छापील कार्ड होतं.

"हे गुळगुळीत आहे," आई म्हणाली. "काय लिहिलंय तेच कळत नाही."

"आधीची मी केली होती," शिक्केताईने सांगून टाकलं.

"मजकूरही तुमचाच?"

"हो."

आईने मांडीवरचं कार्ड बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्याचे वडील गेले तेव्हाही तो दोन शब्द बोलला नव्हता. मला शंका यायची. मीच ती दाबून टाकायचे." तिने उशीखालून अकरा कार्डं काढून पुढे केली. "न्या ही. आता हात लावावासा वाटत नाही."

शिक्केताईने ती पिशवीत ठेवली. तेव्हापासून ती कार्डं करते, पण मजकूर गिऱ्हाइकाने स्वतः लिहून आणायचा. निम्मी गिऱ्हाइकं गेली.

"धंदा बुडवलास," वहिनी म्हणते.

"बुडू दे," ती म्हणते. आश्रमात मात्र ती दर आठवड्याला जाते, रिकाम्या हाताने.